लुगडे, पातळ आणि वाकळ

स्त्रियांच्या पोशाखाचा इतिहास सांगणारे बहुधा पॅरिसपासून आरंभ करतात आणि झगा घोट्यावरून गुडघ्यापर्यंत केव्हा चढला याची दशकवार नोंद करतात; परंतु वाशिमसारख्या कापसाच्या मुलखात हेच परिवर्तन मोजावयाचे झाले, तर उंचीपेक्षा वारांचेच माप हाती घ्यावे लागते.

१९०५ साली जुना वाशिम जिल्हा मोडून अकोला आणि यवतमाळ या जिल्ह्यांत वाटून देण्यात आला, त्या काळी येथील शेतकरी स्त्री नऊवारी लुगडे नेसे आणि पुढे गाठ मारलेली चोळी घाली. निऱ्या दोन पायांमधून मागे नेऊन कमरेशी खोचलेला तो कासोटा हा केवळ शोभेचा रिवाज नव्हता. निंदणाला वाकताना, डोक्यावर हंडा घेऊन चिखलातून चालताना त्यानेच पावलांना मोकळीक दिली होती. पदराची ओटी पोटाशी बांधून ती कापूस वेची, आणि तोच कापूस कारंज्याच्या बाजारातून गिरण्यांकडे जाऊन पुन्हा लुगडे होऊन तिच्या अंगावर येई.

पुढे मुली शाळेत जाऊ लागल्या, शिक्षिका आणि परिचारिका यांना घराबाहेर नोकरी मिळाली, तसे कसब्यांतून पाचवारी गोल पातळ रूढ झाले. त्याखाली परकर आला, गाठीच्या चोळीची जागा शिंप्याने मापाने शिवलेल्या पोलक्याने घेतली, आणि कासोटा सोडणे हाच मर्यादाभंग मानणाऱ्या वडीलधाऱ्यांचा विरोध हळूहळू मावळला. महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून, सुती कापडावर सरकारी नियंत्रण आले. अशा टंचाईत चार वार वाचवणारे नेसणे संसाराच्या हिशेबाला सोयीचे वाटले असल्यास नवल नाही. त्याच दशकात, १९४७ साली, पॅरिसमध्ये वस्त्ररचनाकार क्रिस्तियान दियोर घेरदार झग्यांसाठी वारांमागून वार कापड खर्ची घालीत होता, हा विरोधाभास ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

मानोरा तालुक्यातील पोहरादेवीच्या परिसरात, बंजारा तांड्यांवर, हा इतिहास निराळ्या वळणाने गेला. घेरदार फेटिया आणि आरसे व कवड्या जडवलेली काचळी हा तेथील पोशाख म्हणजे एकेका टाक्याने रचलेले स्त्रियांचे शिल्पच होय. तो अंगावर वागवणाऱ्या वृद्धांच्या लेकीसुनांनी साडी पत्करली, आणि भरतकामाचा तो वारसा रोजच्या वापरातून सरून सणसमारंभापुरता उरू लागला.

शतकाच्या उत्तरार्धात नायलॉन आणि टेरिलीन आले. धुवायला हलके, वाळायला त्वरित, इस्त्रीची तजवीज नको. दिवसभर राबणाऱ्या स्त्रीला ही सुटका खरोखरच मोलाची होती, आणि तिला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्यानंतर मुलींनी सलवार-कमीज स्वीकारला, तोही सायकलवरून शाळा गाठण्याच्या सोयीने. म्हणजे कासोट्याने आजीला दिलेली मोकळीक नातीला दुसऱ्या रूपाने परत मिळाली.

एक गोष्ट मात्र परत आली नाही. विटलेल्या सुती लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून, धावदोरा घालून वाकळ शिवली जाई. आईच्या अंगावरचे वस्त्र असे लेकरांच्या अंगावर येई. नायलॉनची साडी त्या थरांत घातली तर टाक्याखालून निसटते, घाम टिपीत नाही, ऊबही धरीत नाही. म्हणून ज्या घरी आजीच्या हातची वाकळ अद्याप शिल्लक असेल, त्यांनी तिचा एखादा उसवलेला कोपरा उलगडून पाहावा: कापूस पिकवणाऱ्या या जिल्ह्यातील स्त्रियांचे दप्तर तेथे थरांथरांनी जतन झालेले आहे.