गिऱ्हाइकाची हकीगत ऐका

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला महिना उरला असताना आमच्याकडे वस्तीतला एक तरुण आला. पांढरे सदरे शिवून आणि पांढऱ्या साड्या आणून विकतो. कर्ज काढून चार शिलाई मशिनी घेतल्या आहेत. दोन हजार हँडबिले छापायची होती, म्हणून कच्चा मजकूर घेऊन आला. म्हणाला, "साहेब, कायद्याची काही अडचण नाही ना, एवढे बघा." वर तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो. खाली 'उत्तम प्रतीचा माल, माफक दर, समाजबांधवांनी एकदा अवश्य भेट द्यावी'. त्याखाली स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि तीन शुभेच्छुक. कायद्याची अडचण काहीच नव्हती. अडचण एवढीच होती की त्या कागदात गिऱ्हाईक कोठेच नव्हते.

पक्षकार आमच्यासमोर बसतो तेव्हा आम्ही त्याला 'तुमचा हक्क कोणता' असे विचारीत नाही. 'काय झाले ते पहिल्यापासून सांगा' म्हणतो. तो बांधापासून सुरुवात करतो, भावकीवर घसरतो, मध्येच वीस वर्षे मागे जातो. कंटाळा न करता ऐकले तर दाव्याचे खरे कारण त्यातच सापडते. त्या तरुणालाही आम्ही तेच विचारले. गेल्या वर्षी कोणी काय घेतले आणि घेताना ती माणसे काय बोलली?

आधी तो गोंधळला. मग आठवू लागला. एका आजीबाईंनी साडी उजेडात धरून पाहिली आणि परत ठेवली. 'आरपार दिसते, उन्हात दोन परकर कोण घालील?' असे त्या म्हणाल्या. मराठवाड्यातून नागपूरला निघालेला एक बांधकाम मजूर म्हणाला की रेल्वेच्या गर्दीत सदरा दीक्षाभूमीला पोहोचण्याआधीच काळा होतो, म्हणून मी जुनाच घालतो आणि नवा पिशवीत ठेवतो. एका माउलीने सात वर्षांच्या पोरासाठी दहा वर्षांच्या मापाचा सदरा मागितला. दरवर्षी नवा घेणे परवडत नाही, हे ती तोंडाने बोलली नाही. हा तरुण तिला 'माप चुकतंय ताई' म्हणून समजावीत बसला! गिऱ्हाईक गेले.

ह्या तीन हकीगतींत त्याचे हँडबिल तयार होते. 'उत्तम प्रतीचा माल' सगळेच म्हणतात. आजीबाईंचा परकर मात्र कोणी ऐकलेला नव्हता.

चळवळीतले काही वाचक म्हणतील, ही बाजारातली विद्या आपल्याला कशाला? आमचे म्हणणे असे की ही विद्या बाबासाहेबांनी बाजारापेक्षा फार मोठ्या कामासाठी वापरली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' उघडून पाहा. अस्पृश्यता कशी असते हे परदेशी माणसाला कसे कळवावे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. सर्वसाधारण वर्णन करावे की घडलेले प्रसंग सांगावेत, ह्याचा विचार करून त्यांनी प्रसंगांचा मार्ग अधिक परिणामकारक मानला. मग १९०१ सालची मसूर स्टेशनावर उतरलेली मुले येतात. दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान शेजारून पायी चालणार, असे ठरल्यावरच त्यांना बैलगाडी मिळते. ज्याला जातीची व्याख्या कळणार नाही, त्यालाही ही गाडी कळते. लिहिणाऱ्याने आधी वाचणाऱ्याचे अज्ञान कोठे आहे ते ओळखले होते.

आणि जाहिरातीचे म्हणाल, तर ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. परदेशातून परतल्यावर बाबासाहेबांनी शेअर बाजारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. जात कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. आजही आमचे कित्येक दुकानदार पाटीवर आडनाव लिहीत नाहीत. त्यांना दोष देण्याचे धैर्य आम्हाला नाही. म्हणून आपल्यांनी आपल्यांकडून घ्यावे हे बरोबरच. पण 'समाजाचा आहे म्हणून घ्या' ह्या शब्दावर माणूस एकदा घेतो. साडी आरपार दिसली की पुढच्या वर्षी दुसरीकडे जातो, आणि जयभीम घालायलाही संकोचतो. म्हणजे गिऱ्हाईकही गेले आणि नातेही.

आणखी एक. हकीगत ऐकायची, रचायची नाही. 'आमच्या साबणाने अमक्याचा त्वचारोग गेला' असले छापाल तर २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्याच वेळी दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. गिऱ्हाइकाचे नाव, फोटो विचारल्याशिवाय वापरू नये. आणि प्रदर्शनांतून आमच्या बचत गटांच्या भगिनींचे पापड त्यांच्या दारिद्र्याची कहाणी लावून विकले जातात, ते आम्हाला मुळीच रुचत नाही. पापड खाणाऱ्याची हकीगत विचारा. तो तिखट खातो की नाही, घरात म्हातारी आहे की नाही. करणारीचे अश्रू हा काही पापडाचा गुण नव्हे.

त्या तरुणाने अखेर छापले ते असे: 'प्रवासाचा सदरा. रात्री धुवा, सकाळी घाला. साडी जाड सुताची, आतला परकर दिसत नाही. मुलांच्या सदऱ्याच्या बाहीत दोन बोटे कापड दुमडून ठेवले आहे, पुढच्या वर्षी उसवून वाढवा.' असे छापायचे म्हणून त्याला कापड बदलावे लागले आणि बाह्याही पुन्हा शिवाव्या लागल्या. सगळा माल खपला असे नाही. पण काही बाया हँडबिल हातात घेऊनच आल्या आणि 'बाहीतले दोन बोटे दाखवा' म्हणाल्या.

शुभेच्छुकांची तीन नावे मात्र त्याने काढली नाहीत. त्यातले एक सासऱ्यांचे आहे म्हणे. आम्हीही मग आग्रह धरला नाही.