हवाई युद्धपट

हवाई युद्धपट : युद्धकाळातील विमाने, वैमानिक व त्यांच्या मोहिमा यांना कथानकात मध्यवर्ती स्थान देणारा चित्रपटप्रकार. युद्धपटाची ही शाखा मानली जाते; तथापि साहसपट, प्रेमकथा आणि अलीकडच्या काळात विज्ञानपट यांच्याशीही तिचा निकटचा संबंध आहे. विमान आणि चलच्चित्रपट ही दोन्ही साधने जवळजवळ एकाच पिढीत जन्माला आली. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) विमानाचा लढाईसाठी उपयोग सुरू झाला, त्या वेळी चित्रपटकलाही बाल्यावस्थेतून बाहेर पडत होती. त्यामुळे आकाशातील द्वंद्वयुद्ध हा विषय पडद्यावर लवकरच आला आणि तेथेच स्थिरावला.

या प्रकाराचा पाया विल्यम वेलमन यांच्या विंग्ज (१९२७) या अमेरिकन मूकपटाने घातला. वेलमन स्वतः पहिल्या महायुद्धात वैमानिक होते. अभिनेत्यांना प्रत्यक्ष विमानात बसवून, विमानावरच कॅमेरा बसवून त्यांनी आकाशातील दृश्ये टिपली. पार्श्वभूमीला ढग नसले की विमानाचा वेग प्रेक्षकाला जाणवत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले होते. म्हणून योग्य ढग येईपर्यंत ते चित्रीकरण थांबवून ठेवीत. १९२९ मध्ये प्रथमच दिल्या गेलेल्या ऑस्कर पारितोषिकांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान विंग्जला मिळाला. हॉवर्ड ह्यूझ यांच्या हेल्स एंजल्स (१९३०) या चित्रपटाने हीच वाट अधिक खर्चिक केली. त्याच्या चित्रीकरणात काही जणांना प्राण गमवावे लागले. पडद्यावरील युद्धासाठी शांततेच्या काळात माणसे मरावीत, ही या चित्रपटप्रकाराच्या इतिहासातील अप्रिय, परंतु विसरता न येणारी बाब होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये या प्रकाराला निराळे वळण लागले. द डॅम बस्टर्स (१९५५) या चित्रपटात १९४३ च्या मे महिन्यात जर्मनीतील धरणांवर झालेल्या हल्ल्याची कथा आहे. पाण्यावर टप्पे घेत जाणारा बाँब तयार करणारे बार्न्स वॉलिस हे अभियंते या चित्रपटात वैमानिकांइतकेच महत्त्वाचे ठरतात. येथे विमानयुद्ध ही केवळ शौर्याची नव्हे, तर गणिताची व प्रयोगशाळेचीही बाब झाली. बॅटल ऑफ ब्रिटन (१९६९) या चित्रपटासाठी स्पेनच्या हवाई दलातील जुनी विमाने जर्मन विमाने म्हणून वापरण्यात आली. युद्धकालीन विमाने मोडीत निघत असल्यामुळे पुढील काळात असे भव्य चित्रीकरण उत्तरोत्तर दुर्घट होत गेले.

विज्ञानकल्पितेशी संबंध : युद्धातील वैमानिक हा ज्ञात जगाच्या काठावर वावरणारा माणूस असल्याने अद्‌भुतकथेला तो सहज सोयीचा ठरतो. ब्रिटिश दिग्दर्शक पॉवेल व प्रेसबर्गर यांच्या अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ (१९४६) या चित्रपटात हवाई छत्रीवाचून उडी घेतलेला वैमानिक मृत्यूच्या दरबारात आपल्या आयुष्यासाठी दाद मागतो. द फायनल काउंटडाउन (१९८०) या चित्रपटात आधुनिक विमानवाहू नौका कालप्रवास करून पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या पूर्वसंध्येस पोहोचते. जॉर्ज ल्यूकस यांनी तर स्टार वॉर्स (१९७७) मधील अवकाशयुद्धाचे संकलन ठरविताना जुन्या युद्धचित्रणातील विमानलढतींचे तुकडे नमुन्यादाखल जोडून पाहिले होते. त्यामुळे त्या अवकाशयानांच्या हालचाली निर्वात पोकळीतील न वाटता हवेतील विमानांसारख्या वाटतात. भौतिकीच्या दृष्टीने हा दोष आहे; प्रेक्षकांना मात्र तो भावला.

ऑस्ट्रेलियाचा स्काय पायरेट्स (१९८६) हा या मिश्र प्रकाराचा ठळक नमुना आहे. कॉलिन एगलस्टन यांनी तो दिग्दर्शित केला असून जॉन हारग्रीव्ह्‌झ यांनी त्यात हॅरिस या वैमानिकाची भूमिका केली आहे. दुसऱ्या महायुद्धाचा काळ, गूढ प्रदेशात शिरणारे लष्करी विमान, ईस्टर बेट आणि अपार शक्ती असलेला प्राचीन शिलाफलक असे त्याचे कथासूत्र आहे. रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क (१९८१) या अमेरिकन साहसपटाची छाया त्यावर स्पष्ट दिसते. प्राचीन काळी परग्रहवासी पृथ्वीवर येऊन गेले, ही एरिख फोन डेनिकेन यांनी १९६८ पासून लोकप्रिय केलेली कल्पना त्यामागे आहे. मराठी वाचकांतही ती एके काळी बरीच पसरली होती. चित्रपट म्हणून स्काय पायरेट्स सामान्यच आहे. परंतु खरे युद्ध, खऱ्या बनावटीची विमाने आणि निखालस कल्पित इतिहास एकत्र आणल्यास काय घडते, हे पाहण्यास तो उपयुक्त आहे.

भारतात ही सरमिसळ अधिक नाजूक ठरते, कारण येथे कल्पिताला इतिहास मानण्याचा आग्रहही काही वेळा धरला जातो. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविल्याची आख्यायिका महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे; तिच्यावर हवाईजादा (२०१५) हा हिंदी चित्रपट निघाला. या आख्यायिकेला विश्वसनीय समकालीन पुरावा उपलब्ध नाही. तिच्याशी जोडल्या जाणाऱ्या वैमानिक शास्त्र या संस्कृत ग्रंथाची चिकित्सा बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली. हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा असून त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तळपदे यांची जिज्ञासा आदरणीय मानूनही चित्रपटातील उड्डाणाला इतिहासाचा दर्जा देता येत नाही.

वस्तुतः मराठी माणसाच्या युद्धकालीन विमानविद्येला आख्यायिकेची गरज नाही. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढलेल्या मोजक्या भारतीय वैमानिकांपैकी एक होत. जून १९१८ मध्ये फ्रान्समधील आघाडीवर जखमी होऊन ते मरण पावले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढलेले हृषीकेश मुळगावकर पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले (१९७६–७८). सांगली, माधवनगर, सातारा या पट्ट्यात लढाऊ विमानांचा मोठा तळ नाही. माधवनगरनजीक कवलापूर येथे जुनी धावपट्टी तेवढी आहे. तरीही या भागाचा हवाई दलाशी संबंध आला तो शिक्षणामार्फत. देशातील पहिली सैनिकी शाळा २३ जून १९६१ रोजी सातारा येथे सुरू झाली. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी मुले तयार करणे हा तिचा प्रधान हेतू होय. २००९ ते २०११ या काळात हवाई दलप्रमुख असलेले प्रदीप वसंत नाईक हे याच शाळेचे विद्यार्थी.

भारतीय हवाई युद्धपट : हिंदी चित्रपटसृष्टीत हा प्रकार उशिरा व तुरळकपणे आला. मराठीत तर तो जवळजवळ नाहीच. विमाने, इंधन व तळ यांसाठी हवाई दलाचे सहकार्य आणि मोठे भांडवल लागत असल्याने मराठी निर्मात्याला तो परवडणारा नव्हता. रामानंद सागर यांचा ललकार (१९७२) दुसऱ्या महायुद्धाच्या पार्श्वभूमीवर बेतलेला आहे. चेतन आनंद यांच्या हिंदुस्तान की कसम (१९७३) या चित्रपटात १९७१ च्या युद्धातील हवाई दलाची कामगिरी विषय म्हणून आली. मात्र त्यातील हेरकथा व गाणी यांनी विमानांना बरेचसे झाकून टाकले.

या पार्श्वभूमीवर विजेता (१९८२) या चित्रपटाचे स्थान वेगळे आहे. शशी कपूर यांनी निर्माण केलेल्या आणि गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाची पटकथा मराठी कवी दिलीप चित्रे (१९३८–२००९) यांची आहे; संवाद सत्यदेव दुबे यांचे, तर गीते वसंत देव यांची आहेत. आईवडिलांच्या दुभंगलेल्या संसारात वाढलेला अंगद हा गोंधळलेला तरुण लढाऊ वैमानिक होण्याचे ठरवितो आणि १९७१ च्या युद्धापर्यंत पोहोचतो. ‘विजेता’ हे नाव शत्रूवरील विजयापेक्षा स्वतःवरील विजयाला उद्देशून आहे. मुलाची भूमिका कुणाल कपूर यांनी, आईवडिलांच्या भूमिका रेखा व शशी कपूर यांनी आणि प्रशिक्षक अधिकाऱ्याची भूमिका अमरीश पुरी यांनी केली. अजित वर्मन यांच्या संगीतातील, अहीर भैरव रागावर आधारलेले गीत आशा भोसले व सत्यशील देशपांडे यांनी गायिले आहे. आशा भोसले यांचा जन्म सांगलीचा (१९३३).

निहलानी मूळचे छायालेखक. विजेताचे छायालेखनही त्यांचेच असून हवाई दलाच्या सहकार्यामुळे त्यांना सेवेतील खरी मिग-२१ विमाने लाभली. धावपट्टीवरील तप्त हवेची थरथर, उड्डाणापूर्वीचे आखडलेले चेहरे, विमानाने वळण घेताना एका बाजूला कलणारे क्षितिज यांत कोठेही प्रतिकृतींचा खोटेपणा नाही. शत्रूविषयीचा आक्रस्ताळेपणाही त्यात जवळपास आढळत नाही. कौटुंबिक भाग काही ठिकाणी रेंगाळतो, हे खरे. पण वैमानिकाच्या घरी काय घडत असते, हे सांगण्याचा प्रयत्न त्यापूर्वी कोणी फारसा केला नव्हता. मिग-२१ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलातून निवृत्त झाली. त्यामुळे या चित्रपटाला आता दृक्‌श्राव्य दस्तऐवजाचेही मूल्य आले आहे.

बॉर्डर (१९९७) मध्ये लोंगेवालाच्या लढाईतील हंटर विमानांची कामगिरी शेवटच्या भागात येते. भुज : द प्राइड ऑफ इंडिया (२०२१) या चित्रपटाचा नायक विजय कर्णिक या मराठी अधिकाऱ्यावरून घेतलेला आहे. डिसेंबर १९७१ मध्ये बाँबहल्ल्यांनी उखडलेली भूज येथील धावपट्टी कर्णिक यांच्या अधिपत्याखाली माधापर गावच्या सु. ३०० स्त्रियांनी तीन दिवसांत दुरुस्त केली. हल्ल्याचा भोंगा वाजताच झुडपांत लपायचे आणि विमाने गेली की पुन्हा कामाला लागायचे, असे ते काम चालले. ही घटना मुळातच इतकी विलक्षण आहे की तिला रंग चढविण्याचे कारण नव्हते. चित्रपटाने संगणकीय दृश्ये व हाणामाऱ्या यांची भर घातली आणि त्या गदारोळात स्त्रियांचे श्रमच मागे पडले. फायटर (२०२४) सारख्या चित्रपटांत तर विमानाच्या हालचाली बव्हंशी संगणकावर घडविलेल्या असतात. वैमानिकाच्या शरीरावर गुरुत्वाचा किती ताण येतो, इंधन किती वेळ पुरते, या मर्यादा अशा दृश्यांत सुटतात व लढत खेळासारखी भासू लागते.

बंदिवान व बेपत्ता वैमानिक : पाडाव झालेला नायक अखेरीस घरी परततो, हा या चित्रपटप्रकारातील रूढ संकेत होय. प्रत्यक्षात तो क्वचितच खरा ठरतो. त्याच्या अगदी जवळ गेलेली घटना मराठी वैमानिकाचीच आहे. दिलीप परुळकर यांनी १९६५ च्या युद्धात गोळी लागूनही विमान सुखरूप परत आणले होते. १९७१ च्या डिसेंबरमध्ये त्यांचे सुखोई-७ विमान पाकिस्तानात पाडले गेले व ते युद्धकैदी झाले. रावळपिंडीच्या छावणीतील कोठडीची भिंत पोखरून १२-१३ ऑगस्ट १९७२ च्या रात्री ते ग्रेवाल व हरीश सिंहजी या सहकाऱ्यांसह निसटले. पेशावर व जमरूदमार्गे ते लंडी कोतलपर्यंत पोहोचले. तेथून अफगाण सरहद्द काही मैलांवरच होती. पुढे लंडी खाना येथे जाण्याची त्यांनी चौकशी केली. नकाशावर दिसणारे ते रेल्वे स्थानक १९३२ मध्येच बंद पडलेले होते, त्यामुळे स्थानिकांना संशय आला आणि तिघेही पकडले गेले. डिसेंबर १९७२ मध्ये इतर कैद्यांबरोबर त्यांची सुटका झाली. द ग्रेट इंडियन एस्केप (२०१९) हा चित्रपट या घटनेवर आधारलेला आहे. परुळकर यांचे २०२५ मध्ये निधन झाले. जुन्या नकाशावरील एका नावाने बेत फसावा, असे वळण कोणा पटकथाकाराने कल्पिले असते, तर ते कृत्रिम ठरविले गेले असते.

विजय वसंत तांबे या वैमानिकाची कथा मात्र कोणत्याही शेवटापर्यंत पोहोचलेली नाही. ५ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे विमान पाकिस्तानात पाडले गेले आणि त्यानंतर ते परतले नाहीत. ते जिवंत हाती लागले असावेत, असे कुटुंबीयांचे म्हणणे. असे कैदी आपल्याकडे नाहीत, अशी पाकिस्तानची भूमिका. १९७१ च्या युद्धात बेपत्ता झालेल्या भारतीय सैनिकांची व वैमानिकांची यादी १९७९ मध्ये लोकसभेत मांडण्यात आली, तीत त्यांचे नाव आहे. बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या असलेल्या त्यांच्या पत्नी दमयंती तांबे यांनी त्यांचा शोध अनेक दशके चालू ठेवला. २००७ मध्ये बेपत्ता व्यक्तींचे काही नातेवाईक पाकिस्तानातील तुरुंगांना भेट देऊन आले, पण त्यातून काही निष्पन्न झाले नाही. याच प्रश्नावर अमृत सागर यांचा १९७१ (२००७) हा चित्रपट निघाला. त्यातील कैदी पलायन करतात. त्यांच्या प्रयत्नाचा शेवट गोड करण्याचा मोह दिग्दर्शकाने टाळला आहे. स्काय फोर्स (२०२५) हा चित्रपट १९६५ च्या सरगोधा हल्ल्यात न परतलेल्या अज्जमाडा बोपय्या देवय्या यांच्यावर बेतलेला आहे. त्यांच्या कामगिरीची खातरजमा होऊन त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळण्यास १९८८ साल उजाडावे लागले.