अरबी अवघड आहे, पण भलत्याच जागी

शिक्षकाशिवाय अरबी शिकायची म्हटलं की पहिली धास्ती बसते ती लिपीची. उजवीकडून डावीकडे धावणारी अक्षरं, खाली-वर ठिपके, शब्दातल्या जागेप्रमाणे बदलणारे आकार. प्रत्यक्षात अक्षरं 28 आणि मूळ साचे त्याहून बरेच कमी. होडीसारख्या एकाच आकाराला खाली एक ठिपका दिला की ब, वर दोन दिले की त, तीन दिले की ‘थिंक’मधला थ. सहा अक्षरं सोडली तर बाकीची पुढच्या अक्षराला हात देतात आणि हात देताना शेपूट आखडतात. चार-चार रूपं म्हणतात ती एवढीच. बाराखडी आणि जोडाक्षरं लहानपणीच पचवलेल्या माणसाला हे काही आठवड्यांचं काम आहे. खरी मेख आहे न लिहिलेल्या ऱ्हस्व स्वरांत. छापलेलं असतं फक्त क-त-ब. ते ‘कतब’ म्हणजे त्याने लिहिलं, ‘कुतिब’ म्हणजे लिहिलं गेलं, की ‘कुतुब’ म्हणजे पुस्तकं, हे वाक्यावरून ठरवायचं. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळत नाहीत, तरी जुनी दफ्तरं वाचली जातातच, कारण वाचणाऱ्याला भाषा येत असते. अरबीतही वाचन भाषेच्या मागून येतं.

म्हणूनच लिपी आली की अरबी आली, हा उलटा समजही टिकत नाही. उर्दू वाचणाऱ्याला अक्षरं ओळखीची असतात, पण उर्दूचं व्याकरण आपल्या मराठीच्या घराण्यातलं आहे. शिवाय अरबीतली चार वेगवेगळी व्यंजनं उर्दूच्या तोंडी एकाच ‘झ’मध्ये मिसळून जातात. कुराणाचं शुद्ध पठण ही स्वतंत्र आणि कसून शिकलेली विद्या आहे. ते येणाऱ्याला वर्तमानपत्रातली बातमी समजेलच असं नाही.

तिसरा समज असा, की मराठी माणसाला या भाषेत धरायला काहीच नाही. इथे जरा थांबायला हवं. तहसीलदार महसूल गोळा करतो, आणि त्यावर तक्रार करून काय हशील, असं आपण म्हणतो. तहसील, महसूल आणि हशील हे तिन्ही शब्द ह-स-ल या एकाच अरबी धातूचे, फारसीच्या वाटेने मराठीत आलेले. अरबी शब्द असा तीन व्यंजनांवर उभा असतो आणि ती व्यंजनं ठरावीक साच्यांत ओतली जातात. ‘महसूल’च्या साच्यातच मजकूर, मंजूर आणि मजबूत बसतात, ‘तहसील’च्या साच्यात तालीम, तपशील, तजवीज, आणि ‘हशील’ ज्यातून आला त्या ‘हासिल’च्या साच्यात मालक, कायम, हजर, इतकंच काय, पोवाडा गाणारा शाहीरसुद्धा. असे शब्द हटवून संस्कृत शब्द आणण्यासाठी शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला, तरी हे शब्द हटले नाहीत. माधव जूलियन यांचा 1925चा फार्शी-मराठी कोश चाळला तर ही यादी कितीतरी लांबते. एकट्याने शिकणाऱ्याला ही व्यवस्था पहिल्या महिन्यातच कळलेली बरी, कारण हान्स वेरचा प्रसिद्ध अरबी कोश धातूंच्या क्रमाने लावलेला आहे. ‘मक्तबा’ म्हणजे ग्रंथालय. तो शब्द ‘म’मध्ये शोधत बसणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, तो क-त-बखाली सापडतो.

यावर कोणी म्हणेल की हे शब्द आपल्याकडे येऊन पार बदलले, त्यांचा उपयोग काय? आक्षेप खरा आहे. अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका किंवा विचित्र, आपल्या ‘फुरसत’चं मूळ ‘फुरसा’ म्हणजे संधी, ‘महसूल’ म्हणजे शेतातलं पीक, तर ‘जिल्हा’ ज्यातून आला त्या शब्दाचा अर्थ बरगडी. अर्थाच्या भरवशावर राहिलात तर फसाल. पण शब्दाचा सांगाडा ओळखीचा असतो, आणि नवा शब्द लक्षात राहायला बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

सगळ्यात जास्त वेळ वाया घालवणारा गैरसमज मात्र वेगळाच आहे: अरबी ही एकच भाषा आहे, हा. ‘तुला काय हवंय?’ हे पुस्तकी अरबीत ‘माधा तुरीद?’, कैरोत ‘आयिझ एह?’, दमास्कसमध्ये ‘शू बिद्दक?’. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी 1959मध्ये अशा दुहेरी भाषाव्यवहारावर जो निबंध लिहिला, त्यातल्या ठळक उदाहरणांत अरबी होती. पुस्तकी अरबी, म्हणजे फुस्हा, कोणाचीच मातृभाषा नाही. घरात आणि बाजारात बोली चालते. मग फुस्हा संस्कृतसारखी समजून सोडून द्यावी का? नाही. शाळेची पुस्तकं, बातम्या, करारपत्रं रोज फुस्हातच निघतात. बोली लिहिण्याची पक्की रीत नाही, त्यामुळे बोलीतून सुरुवात करणाऱ्याला शिक्षकाची गरज जास्त भासते. एकट्याने शिकणाऱ्याने आधी फुस्हा धरावी, असं माझं मत. वाणियंबाडीच्या डॉ. व्ही. अब्दुर रहीम यांनी मदिनेच्या विद्यापीठात शिकवताना रचलेली पाठ्यपुस्तकं त्यासाठी आजही उत्तम आहेत. कामासाठी आखातात निघालेल्याने मात्र तिथल्या बोलीचे संवाद पहिल्या दिवसापासून कानावर पडू द्यावेत.

किती दिवसांत येईल? अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकाला कामकाजापुरती अरबी यायला 2200 तासिकांचा अंदाज देते, तोही शिक्षकांच्या हाताखाली. रोज एक तास म्हटलं तर सहा वर्षं. आपल्याला थोडी सूट मिळते: क्रियापदाला लिंग असतं याचं ‘तो गेला, ती गेली’ म्हणणाऱ्याला आश्चर्य वाटत नाही, आणि शाळेत संस्कृत घेतलेल्याला द्विवचनही नवं नसतं. पण ‘तीस दिवसांत अरबी’ ही पुस्तकं तीस दिवसांत फार तर नमस्कार-चमत्कारापर्यंत नेतात.

व्याकरण, शब्दसंग्रह, वाचन, ऐकणं ही सगळी कामं एकट्याने होतात. होत नाही ते एकच: उच्चार. अक्कल, अर्ज, इमारत, अंमल या शब्दांच्या सुरुवातीला अरबीत घशातून दाबून काढलेलं ‘ऐन’ नावाचं व्यंजन आहे. मराठीने ते कधीच टाकून दिलं आणि आपल्या कानाला त्याची उणीवही जाणवत नाही. ‘तीन’ म्हणजे अंजीर, आणि त जड केला की चिखल. ‘क’ घशाच्या मुळाशी नेऊन म्हटलेला ‘कल्ब’ म्हणजे हृदय. आपल्या नेहमीच्या ‘क’ने म्हटलं तर कुत्रा. ध्वनिफीत शंभर वेळा ऐकता येते, पण तुम्ही प्रेमाने कोणाला ‘माझ्या हृदया’ म्हणण्याऐवजी ‘माझ्या कुत्र्या’ म्हणालात, हे ती सांगत नाही. त्यासाठी आठवड्यातून एकदा तरी, फोनवर का होईना, अरबी मातृभाषा असलेला माणूस गाठाच.