एक चाक फिरतं, गाडी हलत नाही
भिंगारच्या शिवारात पावसाने काळी माती चिकचिकली की जीपचं एक चाक गरागरा फिरतं, दुसरं ढिम्म. इंजिनाचा जोर चाकांत वाटणारा साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. घसरणारं चाक पेलेल तेवढाच दुसऱ्यालाही. नाशिकच्या महिंद्रा थारमध्ये यावर ब्रेकचा उपाय आहे: घसरत्या चाकालाच ब्रेक लागतो, मग जोर पलीकडे पोचतो. काही थारमध्ये मागचा डिफरन्शियल चक्क लॉक होतो, दोन्ही चाकं एकसारखीच फिरतात. वेगवान गाडीला मात्र पूर्ण लॉक नको; वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरायलाच हवं. तिथे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलच्या क्लच चकत्या फाजील घसरण तेवढी रोखतात. ब्रेकचा मार्ग स्वस्त, पण इंजिनाची ताकद उष्णतेत जाते. रेस ट्रॅकवर ब्रेक लवकर तापतात. नगर-पुणे रस्त्याला ब्रेकचा उपाय भरपूर झाला.