समुद्रावरच विकलेला माल

बिल ऑफ लेडिंग म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाची, त्यावर हक्क देणारी पावती. जुलै 2025 मध्ये 1856 च्या बिल ऑफ लेडिंग कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर झाला. जुना अवघ्या तीन कलमांचा. बिलाच्या पाठीवर सही होऊन माल ज्याचा झाला, कराराचे हक्क आणि जबाबदाऱ्याही त्याच्याच, हे त्याचं मुख्य सांगणं. ते 169 वर्षं पुरलं.

दापोली तालुक्याला समुद्रावरच्या या व्यापाराचं वावडं नसावं. तिथलं दाभोळ हे बहमनी-आदिलशाही काळातलं मोठं बंदर. 1508 च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाने ते जाळलं. पुढची शतकं भराभर ओलांडावीत. बंदराची शान मुंबईला गेली, मागोमाग दापोलीचे चाकरमानीही.

माल समुद्रावरच विकणाऱ्यांची 1956 च्या केंद्रीय विक्रीकर कायद्याने मोठी सोय केली. माल भारताची सीमाशुल्क हद्द ओलांडण्याआधी कागद हवाली करून विकला, तर विक्रीकर नाही. 1960 मध्ये जे. व्ही. गोकल कंपनीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच मान्य केलं. साखर समुद्रावर असतानाच कंपनीने बिलं भारत सरकारच्या हाती दिली होती.

खरी धामधूम 1991 नंतरची. परवान्यांचा जाच सैलावला आणि बॅलार्ड इस्टेटच्या कस्टम हाउसात ‘हाय सी सेल’च्या, म्हणजे समुद्रावरच्या या विक्रीच्या, फायली फिरू लागल्या. मुद्रांकावरचा करार, पाठीवर सही झालेलं बिल, परदेशी विक्रेत्याचं इनव्हॉइस, त्यावर मधल्या व्यापाऱ्याचं दुसरं, विम्याचे कागद. कस्टमला द्यायचं बिल ऑफ एंट्री शेवटच्या खरेदीदाराच्या नावे. सगळा जीव तारखेत! करार जहाज निघाल्यानंतरचा, पोहोचण्याआधीचा हवा. त्यात शुल्कासाठी किमतीवर 2 टक्के ठोकून चढवण्याचा कस्टमचा प्रघात. मधल्या व्यापाऱ्याचा नफा अर्धा टक्का असला तरी कोण ऐकतो? मे 2004 च्या परिपत्रकाने शेवटच्या खरेदीदाराने मोजलेली खरी किंमत धरायला सांगितलं. हे उमगायला इतकी वर्षं लागली.

मग 2017 चा जीएसटी. कर एकदाच, तोही माल सोडवताना, हे सांगायला महिन्याभरात परिपत्रक काढावं लागलं. कायद्यातली दुरुस्ती 1 फेब्रुवारी 2019 ला लागू झाली. 2020 मध्ये ‘फेसलेस’ तपासणी आली. न्हावाशेव्याच्या मालाचे कागद आता दुसऱ्याच शहरातला अधिकारी पाहू शकतो. टेबलापाशी उभं राहून शंका फेडणारा कारकून त्यात उरला नाही.

एवढं सगळं ऑनलाइन झालं, तरी 2025 च्या कायद्यात इलेक्ट्रॉनिक बिलाची स्पष्ट तरतूद नाहीच. मूळ बिलावरच्या सहीसाठी कुरिअरची वाट पाहणं सुटलेलं नाही, आणि पूर्वी 100 रुपयांच्या मुद्रांकावर होणाऱ्या कराराला महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून 500 रुपये मोजावे लागतात.