सेवापुरवठादार कंपन्यांमार्फत विकले जाणारे स्मार्टफोन आणि रखडलेले सॉफ्टवेअर अपडेट : ग्राहकांच्या असंतोषाची कारणमीमांसा

प्रस्तावना :

भ्रमणध्वनी हे एकेकाळी केवळ संभाषणाचे साधन होते. दुकानातून घरी आणलेला हँडसेट पहिल्या दिवशी जसा असे, तसाच तो बिघडेपर्यंत राहत असे. स्मार्टफोनच्या आगमनाने ही स्थिती मुळापासून बदलली. स्मार्टफोन हा वस्तुतः खिशात मावणारा संगणक आहे आणि त्याचा आत्मा त्यातील ऑपरेटिंग सिस्टिममध्ये असतो. या प्रणालीत कालांतराने त्रुटी आढळतात, त्या दूर केल्या जातात, नव्या सुविधांची भर पडते. ही सुधारित आवृत्ती, म्हणजेच अपडेट, ग्राहकाच्या हातातील यंत्रापर्यंत पोहोचणे आवश्यक असते. म्हणूनच स्मार्टफोन विकत घेणारी व्यक्ती यंत्राबरोबर भविष्यातील दुरुस्त्यांचे एक अलिखित आश्वासनही विकत घेत असते.

हे आश्वासन वेळेवर पाळले जात नाही, ही तक्रार २०१० नंतरच्या दशकात अमेरिकेतील ग्राहकांनी सातत्याने केली. विशेषतः दूरसंचार सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांच्या दुकानांतून करारावर घेतलेल्या अँड्रॉइड फोनबाबत ही तक्रार तीव्र होती. प्रस्तुत लेखात या विलंबाची कारणे, त्याचे परिणाम व त्यावर योजले गेलेले उपाय यांचा विचार करण्यात आला आहे.

विक्रीची पद्धत व कराराचे स्वरूप :

त्या काळात अमेरिकेत महागडा स्मार्टफोन सुमारे २०० डॉलरमध्ये मिळत असे. मूळ किंमत त्याहून कितीतरी अधिक असली, तरी उरलेला भार सेवापुरवठादार कंपनी उचलत असे आणि त्याच्या मोबदल्यात ग्राहकाला दोन वर्षांच्या कराराने बांधून घेत असे. करार मध्येच मोडल्यास दंड द्यावा लागे. व्हेरायझन कंपनीने नोव्हेंबर २००९ मध्ये स्मार्टफोनसाठी हा दंड वाढवून ३५० डॉलर इतका केला होता. करार जसजसा जुना होई, तसतशी ही रक्कम घटत असे. अनेक फोन कुलूपबंद असत, म्हणजे ते दुसऱ्या कंपनीच्या सेवेवर चालत नसत.

या व्यवस्थेत हँडसेट निर्मात्याचा खरा गिऱ्हाईक ग्राहक नसून सेवापुरवठादार कंपनी हीच होती. फोनचे नाव काय असावे, त्यात कोणती ॲप्स आधीच बसवलेली असावीत, कोणती सुविधा बंद ठेवावी, हे कंपनी ठरवू शकत असे. अपडेट केव्हा द्यावे, हा निर्णयही साहजिकच तिच्या संमतीवर अवलंबून राहिला.

अपडेटचा प्रवास :

विलंब का होतो हे समजून घेण्यासाठी अपडेटचा प्रवास पाहणे उपयुक्त ठरते. प्रथम गूगल अँड्रॉइडची नवी आवृत्ती जाहीर करते. त्यानंतर फोनमधील मुख्य चिप बनवणारी कंपनी त्या आवृत्तीशी जुळणारे सॉफ्टवेअर तयार करते. चिप निर्मात्याने जुन्या चिपसाठी हे काम नाकारल्यास प्रवास येथेच संपतो. त्यानंतर हँडसेट निर्माता स्वतःची मांडणी, कॅमेरा व अन्य भागांचे सॉफ्टवेअर त्यात बसवतो. चौथ्या टप्प्यावर प्रत्येक सेवापुरवठादार कंपनीच्या गरजेनुसार स्वतंत्र आवृत्ती तयार होते. ती कंपनीच्या प्रयोगशाळेत तपासली जाते. दोष आढळल्यास निर्मात्याकडे परत जाते व पुन्हा तपासणीला येते. मंजुरी मिळाल्यानंतरच टप्प्याटप्प्याने ती ग्राहकांना पाठवली जाते. हा प्रवास किती गुंतागुंतीचा आहे, हे दाखवणारा एक तक्ता एचटीसी कंपनीने डिसेंबर २०१३ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केला होता.

या साखळीचे वैशिष्ट्य असे, की तिच्यातील कोणतीही एक कडी सैल पडली तरी सर्व प्रवास थांबतो. मात्र ग्राहकाला ही साखळी दिसत नाही. निर्माता सेवापुरवठादाराकडे बोट दाखवतो, सेवापुरवठादार निर्मात्याकडे; आणि ग्राहक मधल्यामध्ये राहतो.

विलंबाची दोन उदाहरणे :

सॅमसंग गॅलेक्सी एस हा फोन जुलै ते सप्टेंबर २०१० या काळात अमेरिकेतील चार प्रमुख कंपन्यांनी चार वेगवेगळ्या नावांनी बाजारात आणला. टी-मोबाइलकडे तो व्हायब्रंट होता, एटी अँड टीकडे कॅप्टिव्हेट, स्प्रिंटकडे एपिक ४जी आणि व्हेरायझनकडे फॅसिनेट. अँड्रॉइडची २.२ ही आवृत्ती मे २०१० मध्येच जाहीर झाली होती; तरी हे फोन २.१ या आवृत्तीसह विकले गेले. अमेरिकेबाहेरील अनेक गॅलेक्सी एस धारकांना २.२ आवृत्ती २०१० च्या अखेरीस मिळू लागली. अमेरिकेत मात्र व्हायब्रंटला ती जानेवारी २०११ मध्ये, कॅप्टिव्हेट व एपिक ४जी यांना फेब्रुवारीत आणि फॅसिनेटला एप्रिलमध्ये मिळाली. तोपर्यंत २.३ ही पुढील आवृत्ती येऊन चार महिने लोटले होते. म्हणजे ज्या दिवशी प्रतीक्षा संपली, त्याच दिवशी मिळालेली वस्तू जुनी झालेली होती.

दुसरे उदाहरण गॅलेक्सी नेक्सस या फोनचे आहे. नेक्सस मालिकेतील फोनना अपडेट थेट गूगलकडून व सर्वांत आधी मिळते, अशी तिची ख्याती होती. डिसेंबर २०११ मध्ये व्हेरायझनने या फोनची आपली आवृत्ती विक्रीस आणली. अँड्रॉइड ४.१ जुलै २०१२ मध्ये कोणत्याही कंपनीशी न बांधलेल्या गॅलेक्सी नेक्ससला मिळू लागले. व्हेरायझनच्या ग्राहकांना ते सप्टेंबरमध्ये मिळाले. नाव तेच असूनही विक्रीचा मार्ग बदलताच अपडेटची तारीख बदलली, हे यावरून स्पष्ट होते.

गैरसोयीकडून असुरक्षिततेकडे :

नवी सजावट किंवा नवी सुविधा उशिरा मिळणे ही केवळ गैरसोय म्हणता येईल. परंतु अपडेटमधूनच सुरक्षाविषयक त्रुटींची दुरुस्तीही येत असते. एखादी त्रुटी दूर करणारे सॉफ्टवेअर जाहीर झाले, की ती त्रुटी कोठे होती हेही जगजाहीर होते. ज्याचा फोन दुरुस्त झाला तो सुरक्षित होतो; ज्याचा झाला नाही, त्याच्या घराचे दार उघडे असल्याची जणू दवंडीच पिटली जाते. बँकेचे व्यवहार, छायाचित्रे, खाजगी पत्रव्यवहार हे सर्व ज्या यंत्रात असते, त्याबाबत ही बाब गंभीर ठरते.

याच मुद्द्यावर अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या संस्थेने एप्रिल २०१३ मध्ये चार प्रमुख सेवापुरवठादारांविरुद्ध तेथील फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार दाखल केली. ज्ञात त्रुटी असलेले फोन विकले जातात, त्यांची दुरुस्ती वेळेवर होत नाही आणि ग्राहकाला धोक्याची सूचनाही दिली जात नाही, असे तिचे म्हणणे होते. जुलै २०१५ मध्ये उघडकीस आलेल्या स्टेजफ्राइट या त्रुटीने ही भीती खरी ठरवली. केवळ एका मल्टिमीडिया संदेशाद्वारे फोनमध्ये शिरकाव करता येईल, असे तिचे स्वरूप होते. पुढील महिन्यात गूगल व सॅमसंग यांनी दरमहा सुरक्षा अपडेट देण्याची घोषणा केली. मे २०१६ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने आठ कंपन्यांकडून अपडेटविषयी माहिती मागवली व फेब्रुवारी २०१८ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला.

सेवापुरवठादारांची बाजू :

या प्रश्नाची दुसरी बाजूही विचारात घेणे न्याय्य ठरेल. सदोष अपडेटमुळे हजारो फोन एकाच वेळी बंद पडले, तर ग्राहक प्रथम सेवापुरवठादाराच्याच दारात उभा राहतो. आपत्कालीन क्रमांकाला लागणारा कॉल अपडेटनंतरही लागला पाहिजे, ही जबाबदारी क्षुल्लक नाही. त्यामुळे तपासणी ही अनावश्यक आहे, असे म्हणता येत नाही.

तथापि आयफोनचे उदाहरण या युक्तिवादाला मर्यादा घालते. २००७ मध्ये अमेरिकेत आयफोन केवळ एटी अँड टीच्या सेवेसह विकला गेला. तरी अपडेट देण्याचा अधिकार ॲपलने स्वतःकडे ठेवला. सेवापुरवठादाराशी संबंधित जुळणी एका लहान स्वतंत्र भागात ठेवण्यात आली, त्यामुळे मूळ प्रणालीचे अपडेट सर्वांना एकाच वेळी देता येते. यावरून तपासणी व विलंब यांचे नाते अपरिहार्य नसून, ते करारातील अधिकारांच्या वाटणीतून निर्माण होते, असे दिसते.

उपाययोजना :

मे २०११ मध्ये गूगलने निर्माते व सेवापुरवठादार यांची एक आघाडी जाहीर केली. यंत्राची क्षमता असल्यास नव्या फोनना १८ महिने अपडेट देण्याचे आश्वासन त्यात होते; परंतु ते प्रत्यक्षात उतरले नाही. आश्वासनाने जे साधले नाही ते पुढे रचनेतील बदलाने काही अंशी साधले. २०१७ मधील अँड्रॉइड ८ पासून प्रोजेक्ट ट्रेबलद्वारे चिपशी संबंधित सॉफ्टवेअर मूळ प्रणालीपासून वेगळे करण्यात आले. २०१९ मधील अँड्रॉइड १० पासून काही महत्त्वाचे भाग गूगल थेट दुरुस्त करू शकते. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ साठी आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ साठी सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले.

कायद्यानेही यात प्रवेश केला आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सुरक्षा अपडेट किमान किती काळ मिळेल, हे निर्मात्याने सांगणे बंधनकारक आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट उपलब्ध ठेवावे लागते. सुरक्षा अपडेट देण्यासाठी चार महिन्यांची व नव्या सुविधांसाठी सहा महिन्यांची कालमर्यादाही त्यात आहे.

भारतीय संदर्भ :

भारतात २००३ च्या सुमारास रिलायन्सने सीडीएमए हँडसेट सेवेशी जोडून विकले, तरी पुढे हँडसेट एका दुकानातून व सिमकार्ड दुसरीकडून घेण्याचीच पद्धत रूढ झाली. त्यामुळे साखळीतील सेवापुरवठादाराची कडी येथे बहुधा नसते. असे असूनही स्वस्त फोनना अपडेट उशिरा मिळण्याची किंवा मुळीच न मिळण्याची तक्रार येथेही आहे. विलंबाचे खापर केवळ सेवापुरवठादारांवर फोडता येत नाही, हे यातून लक्षात येते. सर्ट-इन ही शासकीय संस्था अँड्रॉइडमधील त्रुटींबाबत वेळोवेळी इशारे देते व अपडेट बसवण्याचा सल्ला देते. परंतु ज्या फोनसाठी अपडेटच तयार झालेले नाही, त्याच्या मालकाला हा सल्ला पाळता येत नाही. हा मालक बहुधा अल्प उत्पन्न गटातील, जुना किंवा स्वस्त फोन वापरणारा असतो, ही बाब सामाजिकदृष्ट्या चिंताजनक आहे.

निष्कर्ष :

१. अपडेटमधील विलंबाचे मूळ केवळ तांत्रिक नसून जबाबदारीच्या विभागणीत आहे.

२. ग्राहक कराराने बांधला गेला; मात्र अपडेट देण्याबाबत त्याच्या बाजूने कोणीही तितकेच बांधले गेले नाही.

३. ऐच्छिक आश्वासनांपेक्षा प्रणालीच्या रचनेतील बदल व कायदेशीर कालमर्यादा अधिक परिणामकारक ठरतात.

४. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूच्या दर्जाविषयी माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. अपडेटची मुदत ही दर्जाचाच भाग मानून ती फोनच्या वेष्टनावर छापली जाणे इष्ट ठरेल.

समारोप :

औषधाच्या वेष्टनावर मुदत छापलेली असते. म्हणून ते केव्हापर्यंत वापरावे हे रुग्णाला कळते. स्मार्टफोनलाही अशी मुदत असते, फक्त ती ग्राहकाला सांगितली जात नाही. ती विक्रीच्या वेळीच सांगितली गेली, तर अपडेटची वाट पाहणाऱ्या ग्राहकाला निदान आपण कशाची व किती काळ वाट पाहत आहोत, एवढे तरी कळेल.