किती ठेवायचा थायरॉइड?

थायरॉइड जास्त काम करतो म्हणून गळ्याचं ऑपरेशन झालं. दहा-पंधरा वर्षं बरी गेली आणि मग पुन्हा छातीत धडधड, हातांना कंप, जेवूनही वजन उतरतंय. काढलेली ग्रंथी परत आली कशी, असं घरची माणसं विचारतात. काढलेला भाग उगवत नाही. मागे ठेवलेला वाढतो. आणि मागे किती ठेवायचा, यावर सर्जन मंडळींचा वाद शतकभर चालला.

ठेवण्यामागची भीती खरी होती. बर्नच्या थिओडोर कोखर यांनी गलगंडासाठी संपूर्ण थायरॉइड काढलेले आपले जुने पेशंट पुन्हा तपासले. १८ पैकी १६ जण सुजलेले, मंदावलेले, थंडीने गारठलेले आढळले. १८८३ मध्ये कोखर यांनी हे स्वतःच जाहीर केलं. १९०९ च्या त्यांच्या नोबेलपेक्षाही हा प्रामाणिकपणा मला मोठा वाटतो. तेव्हा थायरॉइडची गोळी नव्हती. मेंढीच्या ग्रंथीचा अर्क १८९१ मध्ये आला, पण त्याच्या मात्रेचा भरवसा नव्हता. त्यामुळे थोडी ग्रंथी ठेवणं हीच पेशंटची काळजी होती. मेलबर्नच्या थॉमस डनहिल यांनी १९०७ पासून, गळ्यापुरती भूल देऊन, एक बाजू पूर्ण आणि दुसरीचा बराचसा भाग काढायची रीत रुळवली. पुढे चार ते आठ ग्रॅम ठेवण्याचा प्रघात पडला.

पण थायरॉइडला असं जास्त काम करायला लावणाऱ्या ग्रेव्हज आजाराचं मूळ ग्रंथीत नाही. १९५६ मध्ये न्यूझीलंडच्या डनेडिनमध्ये अ‍ॅडम्स आणि पर्व्हिस यांना पेशंटच्या रक्तात थायरॉइडला दीर्घकाळ चेतवणारा घटक सापडला. ती अँटिबॉडी असल्याचं नंतर कळलं. थायरॉइडला चालना देणारं टीएसएच हे हार्मोन जिथे बसायचं तिथे ती बसते आणि ग्रंथीला काम करायला, वाढायला लावते. सुरीने रक्त बदलत नाही. मागे राहिलेल्या चार ग्रॅमवरही तोच मारा चालू राहतो. कधी मधोमध वर गेलेली ग्रंथीची बारीक पट्टी नजरेतून सुटते, तीही फुगते. जुन्या अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला, तर अर्धवट ऑपरेशननंतर शंभरात साधारण आठ जणांचा आजार उलटतो.

जास्त ठेवलं तर आजार उलटतो, कमी ठेवलं तर गोळी लागतेच. थायरॉक्सिनची स्वस्त, खात्रीची गोळी आल्यावर पारडं पूर्ण ग्रंथी काढण्याकडे झुकलं, आणि ते योग्यच झालं असं माझं मत आहे. कारण दुसरं ऑपरेशन फार जोखमीचं असतं. जुन्या व्रणात आवाजाची नस आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या इवल्या ग्रंथी ओळखणं अवघड जातं. म्हणून आजार उलटला की बहुधा किरणोत्सारी आयोडीन देतात. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये हे काम १९६० च्या दशकापासून चालत आलं आहे.

गरोदर बाईला मात्र हे आयोडीन देता येत नाही. ऑपरेशन झालेलं असो, गोळीवर टीएसएच अगदी नॉर्मल असो, गरोदरपणात तिची अँटिबॉडी तपासायलाच हवी. ती वारेतून बाळापर्यंत पोचते आणि बाळाचा थायरॉइड चेतवू शकते.